राबात हाय तेवढंच

काशीभाऊ म्हसे कुणाशीही बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाहीत. त्यांची नजर चार बोटं वर असते. आपण पाणीपट्टी, निवडणूक, टोलनाक्यावरची गर्दी असं काहीबाही बोलत असतो आणि हा गृहस्थ आपल्या कपाळाच्या वरच्या प्रदेशाची पाहणी करत असतो. पाहणी संपली की निकाल देतात, आणि तो गुंठ्यांत असतो. "पाटकर, अर्धा गुंठा गेला तुमचा. मागल्या दिवाळीला एवढं पडीक नव्हतं." हे त्यांनी मला माझ्या मेहुणीच्या लग्नात, सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं होतं.

केसांची पुढची रेघ म्हणजे त्यांच्या भाषेत बांध. केस मागे हटले की बांध सरकला. एकदा ते सातबाऱ्याच्या कामासाठी खालापूरच्या तहसील कचेरीत गेले आणि खिडकीतल्या कारकुनाला आपुलकीनं म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा बांध दोन बोटं माघारी आलाय, लक्ष ठेवा." त्या बिचाऱ्याचा जन्म लोकांच्या बांधाची भांडणं ऐकण्यात गेला होता, पण त्याचा स्वतःचा बांध आजवर कुणी काढला नव्हता. सातबारा मिळायला बरेच हेलपाटे पडले. काशीभाऊंना त्याचं कारण अजून समजलेलं नाही.

आता हे सगळं बोलणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर काय असावं? काही नाही. कपाळ सुरू होतं ते थेट मानेच्या अलीकडे थांबतं. मागच्या बाजूला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांची एक पट्टी, तेवढीच काय ती बागायत. बाकी सगळं लख्ख.

आम्ही दोघं रसायनीच्या एका केमिकल कंपनीत होतो. एकाच बसनं जायचो, एकाच बसनं यायचो, आणि आता खालापुरात एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो. काशीभाऊ मूळचे कर्जतकडच्या डोंगरपायथ्याचे, भातशेतीच्या घरातले. नोकरी केली रसायनाची, पण डोकं कायम भाताचं राहिलं. आमच्या खात्यात एकदा साहेबांनी गरजेपेक्षा जास्त माणसं भरली, तेव्हा सगळे खूश होते. काशीभाऊ एकटे मान हलवत म्हणाले, "लावनी दाट झाली. आता दाना भरनार नाय." आणि खरोखरच पुढे दोन वर्षं कुणाचा पगार वाढला नाही.

लग्न त्यांनी केलं नाही. का केलं नाही हे विचारायची सोय नाही, कारण उत्तर तयार असतं. लहानपणी म्हणे त्यांच्या टाळूवर दोन भोवरे होते. ज्याच्या डोक्यात दोन भोवरे त्याची दोन लग्नं, असं आपल्याकडे म्हणतात. माझी बायको मंदा दर लग्नसराईत त्यांना छेडते आणि ते शांतपणे सांगतात, "वैनी, आमची दोनी शिल्लक हायेत. घाई काय हाय?" भोवरे गेले, केस गेले, नोकरी संपली, तरी दोन्ही शिल्लकच.

तर गेल्या वर्षी दिवाळी संपली, आकाशकंदील अजून उतरवायचे होते, आणि हे गृहस्थ सकाळी आमच्याकडे येऊन म्हणाले की पनवेलला केस लावायचा दवाखाना आहे, सोबत चला. मला वाटलं चेष्टा करतायत. ज्या माणसानं टकलाशी घरच्या माणसासारखा संसार केला, त्याला निवृत्तीनंतर केस कशाला हवेत? पण ते चेष्टेत नव्हते. त्यांची एकच अट होती. "काय वाट्टेल ते होवो, फुडल्या दिवाळीच्या आत टाळूवर केस आलं पायजे." कारण विचारलं तर चहा ढवळत बसले. ते उठून गेल्यावर मंदानं कपबशा उचलता उचलता निदान केलं, की बाई आहे.

मी सोबत म्हणून गेलो. निव्वळ सोबत म्हणून, हे मंदाला मी दोनदा सांगितलं. दवाखान्यातली मुलगी मात्र आम्हा दोघांकडे बघून मला म्हणाली, "सर, आधी तुम्ही या." काशीभाऊंच्या डोक्याकडे बघून तिनं आशा सोडली असावी. मी घाईघाईनं टोपी घातली.

डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई होती, बोलायला गोड आणि धीराची. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो लावले होते. काशीभाऊंनी ते कमरेवर हात ठेवून, शेजाऱ्याचं पीक बघावं तसे बघितले. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगायला सुरुवात केली. नवे केस कुणी तयार करत नाही. डोक्याच्या मागच्या पट्टीतले केस मुळासकट काढायचे आणि उघड्या जागी लावायचे. जिथून काढले तिथे परत येत नाहीत, म्हणून तिथूनही बेतानंच काढायचे. जन्माला घेऊन आलो तेवढे दाट ते कधीच होत नाहीत. निम्म्याच्या आसपास जमले तरी नजरेला भरल्यासारखे वाटतात, पण डोकं ओलं झालं किंवा डोक्यावर दिवा आला की आतली कातडी दिसणारच. लोक कॉलेजातला फोटो घेऊन येतात आणि असंच करून द्या म्हणतात, तेव्हा त्यांना नाही म्हणणं हेच आमचं निम्मं काम, असं त्या म्हणाल्या.

काशीभाऊ ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. त्या थांबल्यावर म्हणाले, "म्हंजे लावनीच की. राबात हाय तेवढंच शेतात येनार."

राब म्हणजे भाताचं रोप तयार करायची जागा. तिथून रोप उपटायचं आणि खाचरात लावायचं. राब लहान असला की दोनच वाटा असतात, सगळ्या शेतात विरळ लावा, नाहीतर एकच खाचर नीट भरा. मी डॉक्टरीणबाईंना हे सांगितल्यावर त्यांना ते इतकं पटलं, की त्यांनी काशीभाऊंना वाक्य परत म्हणायला लावलं. काशीभाऊंना हुरूप आला. त्यांनी मागच्या पट्टीवर हात फिरवत विचारलं, "मंग राब भाजायचा कदी?" आमच्याकडे पेरणीआधी राबाची जमीन पालापाचोळा टाकून भाजून घेतात. हेही मी सांगितलं. डॉक्टरीणबाई घाईनं म्हणाल्या की इथे काहीही भाजत नाहीत.

खरी गाडी पुढे अडली. त्या म्हणाल्या, तुमच्या मागच्या पट्टीत सगळं डोकं भरेल एवढे केस नाहीत. तेव्हा पुढे लावू, कपाळावर. चेहऱ्याला चौकट येते, माणूस वेगळा दिसतो. टाळूच्या वाटेला जाऊ नका, तिथे कितीही लावा, कमीच पडतात, आणि दिसतात कुणाला? बसमध्ये मागच्या सीटवर बसलेल्याला.

"फुडचं पडीक ऱ्हाऊ द्या," काशीभाऊ म्हणाले. "मला टाळूवरच लावायचंय. अन् दोन भोवरं पायजेत."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचे फोटो बघू लागलो. त्यांनी पुन्हा सगळं समजावलं आणि वर हेही सांगितलं, की पुढे वैराण आणि मागे झाडी असा माणूस त्यांनी आजवर केलेला नाही. लोक त्यांच्या दवाखान्याला हसतील. काशीभाऊ म्हणाले की लोकांना सांगायचं, शेत माझं आहे. शेवटी त्यांनी विचार करून या म्हणून परत पाठवलं. आम्ही परत गेलो तेव्हाही काशीभाऊंचं म्हणणं तेच होतं, दोन भोवरे आणि दिवाळीच्या आत.

मग त्यांनी भिंग लावून टाळू तपासली. जुन्या केसांची बारीक लव थोडी शिल्लक होती, तिच्या कलावरून भोवरे कुठे होते ते कळत होतं. त्या म्हणाल्या, प्रयत्न करते, पण दाट होतील असं वचन देणार नाही. दिसायला पातळच राहतील. काशीभाऊंनी सबंध बोलण्यात एकच प्रश्न विचारला.

"हाताला लागतील का?"

"हाताला लागतील," त्या म्हणाल्या. काशीभाऊ तेवढ्यावर उठून उभे राहिले. मला हा सौदा काही समजला नाही. केस हे दाखवायचे असतात, चाचपायचे कशाला?

ज्या दिवशी लावणी झाली, त्या दिवशी मी बाहेर बसून होतो. तिथल्या मुली सांगत होत्या, की आजोबा पालथे झोपून सूचना देत होते. एका जागी दोन काड्यांच्या वर नको. ओळ मोडली तरी चालेल, पण रोप आडवं पडता कामा नये. आणि तुम्ही एका जागी बसून कशा लावता, लावणी तर मागे मागे सरकत करायची असते. मुलींनी त्यांना शेवटी मोबाइलवर भजनं लावून दिली.

दवाखान्यातून निघताना सांगितलं होतं, की थोडे दिवस टाळूवर औषधी पाण्याचा फवारा मारत राहा. आता फवारा हा भाजीपाल्याला मारतात. भाताला पाणी उभं लागतं, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा काशीभाऊंनी पंचाचा पीळ करून डोक्याभोवती गोल बांधला, म्हणजे बांध घातला, आणि आत पाणी सोडलं. ऐन थंडीचे दिवस, घाटावरून वारा सुटलेला, आणि हे ओट्यावर मान ताठ ठेवून बसलेले. पाणी ओसरलं की परत भरायचं. मंदानं कुंपणावरून बघितलं आणि मला हाक मारली, तोवर त्यांना हुडहुडी भरली होती. पुढे ताप आला, सर्दी छातीत उतरली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर आवाजाची अशी वरची पट्टी लावली, की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अहो, हे भात नाहीये," एवढं मात्र आम्हा दोघांना स्पष्ट ऐकू आलं. काशीभाऊ पांघरुणात तोंड फिरवून पडले. त्यांना भाताचा अपमान वाटला असावा.

या तापातून उठतात न उठतात तोच पुढचं संकट आलं. एका सकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. तळहातावर चार-सहा आखूड केस होते. लावलेले केस गळायला लागले होते.

"पाटकर, रोप मेलं," ते म्हणाले. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, की काशीभाऊ, नवरी काय एवढी केसांवर अडून बसली आहे का, आपण दुसरी बघू, नाहीतरी दोन शिल्लक आहेत. एरवी या विनोदाला त्यांनी वरचढ उत्तर दिलं असतं. त्या दिवशी ते हसले नाहीत. तळहाताकडे बघत एवढंच म्हणाले, की दिवाळीपर्यंत आता कसं व्हायचं. मी दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरू नका, हे असंच होतं. वरचा केस गळतो, मूळ आत जिवंत असतं. थोडे महिने काही दिसणार नाही, मग हळूहळू फुटेल. मी हे सांगितल्यावर काशीभाऊंचा चेहरा निवळला. "असं व्हय. मंग हे भात नाय. हे शेवळं हाय." शेवळं ही आमच्या डोंगरातली रानभाजी. वर्षभर जमिनीवर तिचा पत्ता नसतो, कांदा तेवढा खाली निजलेला असतो, आणि पावसाच्या तोंडाला अचानक कोंब वर येतात. शेवळाला कुणी पाणी घालत नाही आणि कुणी उकरूनही बघत नाही. काशीभाऊंनी पीक बदललं आणि ते वाट बघायला लागले.

तोवर गावानं त्यांचं पुरतं काम केलं होतं. बसस्टँडजवळच्या वडापावच्या गाडीवर रोज नवा तर्क निघायचा. एकाचं म्हणणं, बाई उंच आहे, तिला वरूनच दिसणार. दुसऱ्याचं म्हणणं, हे स्कूटर चालवणार आणि ती मागे बसणार, म्हणून मागची मशागत. काशीभाऊ तिथेच उभे राहून, सगळं ऐकून, ज्याचा तर्क त्याच्या डोक्याचा निकाल देऊन निघून जायचे. मंदानं तर मनावरच घेतलं. तिच्या माहितीतल्या एक विधवा नर्सबाई होत्या, चांगल्या हसतमुख. त्यांना तिनं चहाला बोलावलं आणि काशीभाऊंनाही. दोघांना समोरासमोर बसवून आम्ही पोहे आणायच्या निमित्तानं आत गेलो. तेवढ्यात बाहेरून काशीभाऊंचा आवाज आला. ते काळजीनं सांगत होते, "ताई, तुमचा भांग रुंद व्हाया लागलाय." नर्सबाई पोहे न खाताच गेल्या.

कर्जतच्या बाजारात शेवळाच्या जुड्या आल्या त्याच सुमाराला काशीभाऊंच्या टाळूवर काळे ठिपके दिसायला लागले. त्यांना ते दिसणार कसे? त्यामुळे दर शनिवारी संध्याकाळी माझ्यासमोर पाठ करून बसायचे आणि मी पाहणी करायची. इतकी वर्षं ज्यानं माझ्या डोक्याचे गुंठे मोजले त्याच्या डोक्याकडे मी वरून बघत होतो, हे सुख मी लपवलं नाही. मी मुद्दाम हूं, हां करत बसायचो. ते विचारायचे, "भोवरं दिसतात का?" गणपतीत मला एक दिसला. नवरात्रात दुसरा.

खरं सांगायचं तर सगळं विरळच होतं. उन्हात उभे राहिले की टाळू चकाकायचीच. समोरून तर ते पूर्वीइतकेच टकले होते, एका केसाचाही फरक नव्हता. इतका खटाटोप करून हाती काय आलं, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या विरळ केसांत दोन बाजूंना फिरणारे दोन भोवरे होते, आणि बोट फिरवलं की ते लागायचे. काशीभाऊ बसल्या बसल्या हात मागे नेऊन ते चाचपायचे आणि खूश व्हायचे.

भाऊबीजेच्या दिवशी मंदा सकाळीच भावाकडे गेली. मी पेपर उघडतो तोच काशीभाऊ दारात. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी. कोंडाण्याला त्यांची थोरली बहीण असते, अक्का. तिच्याकडे ते दर रविवारी एसटीनं, एकटे जातात हे मला माहीत होतं. आज म्हणाले, स्कूटर काढा. मी विचारलं, आज मी कशाला? तर म्हणाले, "एकट्यानं जायाची हिंमत नाय." कोंडाण्याला जायला हिंमत कसली लागते ते मला कळेना, पण त्यांचा चेहरा बघून मी किल्ली घेतली.

कर्जत मागे टाकल्यावर एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. तिथे त्यांनी मला सांगितलं. कपाकडे बघत, थांबत थांबत सांगितलं.

काशीभाऊंची आई ते रांगत असतानाच गेली. त्यांना अक्कानं वाढवलं. ती स्वतःच दहा-बारा वर्षांची होती. रोज सकाळी ती त्यांना पुढ्यात घेऊन डोक्याला तेल लावायची आणि टाळूपाशी आली की एकेका भोवऱ्यावर बोट ठेवून म्हणायची, ही एक नवरी, ही दुसरी नवरी. ते चिडायचे, ती हसायची. तिचं लग्न झाल्यावर हे तेल भाऊबीजेवर आलं; पाटावर बसवून, ओवाळायच्या आधी टाळूवर तेल घालायचं ही त्यांच्या घरची रीतच आहे. तेल घालताना दरवर्षी नवऱ्यांची आठवण निघायची. केस गेले तरी निघायची. तेव्हा ती टकलावर टिचकी मारून म्हणायची, दोघीपन पळाल्या रं.

मग काचबिंदूनं तिचे डोळे गेले. मागोमाग आठवणही जायला लागली. आणि गेल्या वर्षी, भाऊबीजेला, तिनं तेलाचा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. डोक्यावरून पदर ओढून उठून उभी राहिली. म्हणाली, "तात्या, तुमी पाटावर कशाला बसलाव? काश्या कुटं हाय?"

तात्या म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. तेही असेच टकले होते, आणि काशीभाऊंचा आवाज तर वयानं हुबेहूब त्यांचाच झाला आहे. भाच्यानं सांगायचा प्रयत्न केला, की हा काशीमामाच आहे. तशी ती घाबरली, रडायला लागली, माझ्या भावाला कुठे ठेवलंत म्हणून विचारायला लागली. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. शेवटी काशीभाऊच म्हणाले, "काश्या ड्युटीवर हाय पोरी. येईल." तेव्हा ती शांत झाली.

"तवापासून दर रैवारी मी तात्या होऊन जातो," काशीभाऊ म्हणाले. "ती मला काश्याचं सांगते. येत नाय, लगीन करत नाय, दिवाळीला पन तोंड दावलं नाय. वरीसभर मी माझीच कागाळी ऐकतोय, पाटकर. मला काश्या म्हननारी आता ती एकच उरलीय. तीच वळखत नाय, तर मंग काश्या हाय कुटं?"

माझ्या हातातला चहा निवला होता. नवरी, स्कूटर, मागची मशागत, आम्ही केलेले सगळे विनोद मला एकदम आठवले. मी स्कूटरला किक मारली.

कोंडाण्याला भाचेसुनेनं ओट्यावरच पाट मांडून ठेवला होता. अक्का शेजारी बसली होती, काटकुळी, स्वच्छ लुगडं नेसलेली, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. काशीभाऊंनी टोपी काढून माझ्याकडे दिली आणि एक शब्द न बोलता पाटावर बसले. आवाज काढायचा नाही, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. त्यांनी मान इतकी खाली घातली होती, की टाळू तिच्या हाताशी आली. भाचेसुनेनं सासूच्या तळहातावर तेल ओतलं.

हात आला. पहिल्यांदा चुकून पुढेच पडला, उघड्या कपाळावर, आणि थबकला. काशीभाऊंनी डोळे मिटले. मग तो हात सवयीनं मागे सरकला, टाळूवर गेला. बोटं त्या विरळ केसांत शिरली. एकदा इकडून फिरली, एकदा तिकडून. थांबली. परत फिरली.

"ही एक नवरी," अक्का म्हणाली. तिचं बोट सरकलं. "ही दुसरी."

काशीभाऊंचे खांदे हलायला लागले. तिनं तेल जिरवायला सुरुवात केली होती. बोटं केस चाचपत होती आणि कपाळावर आठी चढत होती.

"काश्या, केस गळाया लागलं की रं तुजं. किती पातळ झालंय. तेल लावत नायस ना? असंच ऱ्हायलं तर तात्यांवानी टक्कल पडंल एक दिवस."

"व्हय अक्का," काशीभाऊ म्हणाले. "जपतो आता."

मग ओवाळणी झाली. भाचेसून डोळे पुसत ताट धरून होती आणि अक्का लग्नावरून भावाला बोलत होती. जेवणं झाली. अक्का घटकाभर आडवी झाली. निघायच्या वेळी काशीभाऊ टोपी घालून तिच्या पाया पडायला वाकले आणि येतो म्हणाले. तिचा हात टोपीवर पडला. ती लगबगीनं उठून बसली, डोक्यावर पदर घेतला.

"तात्या," ती आनंदानं म्हणाली, "काश्या येऊन गेला. मी ववाळलं त्याला. तेल लावत नाय डोक्याला, तुमी सांगा जरा."

"सांगतो," काशीभाऊ म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. मी मागे न बघता विचारलं, की वाईट वाटलं का. पाठीमागून उत्तर आलं, "राबात हाय तेवढंच, पाटकर. घटकाभर आला ना काश्या." मग कर्जतला बाजारात थांबायला सांगून ते खाली उतरले आणि खोबरेल तेलाची मोठी बाटली घेऊन आले.

संध्याकाळी मी ओट्यावरची पणती लावायला बाहेर आलो, तर भिंतीपलीकडे काशीभाऊ टोपी काढून पायरीवर बसले होते. बाटली शेजारी होती. दोन बोटांनी टाळूवर तेल जिरवत होते, आधी एका भोवऱ्यावर, मग दुसऱ्यावर. माझी चाहूल लागल्यावर वर न बघता म्हणाले, "अक्काचा निरोप हाय. तात्यांनी सांगितला."